‘रामबाण’ बाटली आणि वगळलेला नियम १७०

‘साठीनंतरही यकृत आणि मूत्रपिंडे पूर्ववत’ अशा थाटाची जाहिरात करण्यापूर्वी आयुर्वेदिक औषधाच्या उत्पादकाला आता राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी घ्यावी लागत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या नियम १७० ने ती बंधनकारक केली होती. केंद्राने १ जुलै २०२४ रोजी हा नियम वगळला. सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑगस्ट २०२४ रोजी त्या अधिसूचनेला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनची याचिका निकाली निघाली, तेव्हा ती स्थगितीही उठली.

औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अर्थातच लागू आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेह आणि कर्करोगाबरोबर ‘ब्राइट्स डिसीज’ही आहे. मूत्रपिंडदाहाचे हे एकोणिसाव्या शतकातील नाव आज डॉक्टरही क्वचितच घेतात. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते; पण हा कायदा जागा होईपर्यंत जाहिरात वाचून झालेली असते आणि औषधही पोटात गेलेले असते.

उतारवयात हाच विलंब घातक. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता वयोमानाने मंदावते. रक्तातील क्रिएटिनिन मर्यादेबाहेर जाईपर्यंत जवळजवळ निम्मी क्षमता गेलेली असू शकते. यकृतही बराच काळ मूकपणे सोसते. त्यातच रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या, गुडघ्यांसाठी वेदनाशामके चालू असतात. ‘झाडपाल्याचा कसला अपाय?’ म्हणत आजोबा काढा घेतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. डॉक्टरही पुष्कळदा विचारत नाहीत, हेही खरे. अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले होते. कोविडकाळात मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. आयुष मंत्रालयाने मात्र तो निष्कर्ष अमान्य केला.

‘पेटंट औषध’ हा शब्दही फसवा आहे. शोधाच्या एकस्वाशी त्याचा संबंध असेलच असे नाही. आयुर्वेदाच्या बाबतीत घटक ग्रंथोक्त असले की त्यांचे मिश्रण उत्पादकाचे स्वतःचे असू शकते. परंतु पुनर्नवेचे गुण ग्रंथात वर्णिले आहेत, एवढ्यावरून अनेक वनस्पतींची बाटली निकामी होत चाललेले मूत्रपिंड वाचवते, असे सिद्ध होत नाही.

गोव्यात काणकोण तालुक्यातील मूत्रपिंडविकारांचा प्रश्न अनेक वर्षे चर्चेत आहे. डायलिसिसच्या धास्तीने खचलेले कुटुंब अशा आश्वासनाला सहज भुलते. राज्य सरकारने अधिकार दिलेला राजपत्रित अधिकारी १९५४ च्या कायद्याखाली झडती घेऊन आक्षेपार्ह जाहिरात जप्त करू शकतो. त्यासाठी नियम १७० ची गरज नाही, आणि कोणाच्या तक्रारीची वाट पाहण्याचेही कारण नाही. शिवाय जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणत्याही प्रकारे सहभागी होणाऱ्यास तो कायदा लागू आहे. ती छापणारी वृत्तपत्रेही त्यातून सुटत नाहीत.