चक्रीवादळ घाट चढून येते तेव्हा

भारतीय हवामान विभागाला १५ जानेवारी २०२५ रोजी दीडशे वर्षे पूर्ण झाली. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाने हवामान विभागाच्या सहकार्याने ग्रामपंचायत पातळीवर हवामानाचा अंदाज देण्यास प्रारंभ केला होता. पुढे मे २०२५ मध्ये, पुण्याच्या पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज वर्तविणारी नवी संगणकीय प्रणाली देशाच्या सेवेत दाखल झाली. या घटना एकत्र पाहिल्या तर मुळशी तालुक्यातील उरवडे हे गाव आता हवामानशास्त्राच्या नकाशावर आले, असे म्हणावयास हरकत नाही. पूर्वी 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी' या एका ओळीत उरवडे आणि जळगाव दोन्ही सामावले जात. आता उरवड्याचा अंदाज उरवड्याच्या ग्रामपंचायतीसाठी असतो. तो वाचणार कोण आणि कोणत्या शब्दांत, हा प्रश्न मात्र तंत्रज्ञानाने सुटलेला नाही.

हा प्रश्न ज्यांच्या कारकिर्दीतून सर्वांत स्पष्टपणे समोर येतो, अशा मराठी शास्त्रज्ञांमध्ये डॉ. रंजन केळकर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. १९६५ मध्ये ते हवामान विभागात रुजू झाले, तेव्हा पहिला हवामान उपग्रह अवकाशात जाऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. त्याआधीच्या काळात समुद्रावरील वादळाचा ठावठिकाणा लागे तो एखाद्या जहाजाने पाठविलेल्या निरोपावरून. आणि शहाणा कप्तान वादळाच्या वाटेला जात नसल्याने नेमकी वादळाच्या पोटातील माहितीच हाती नसे. उपग्रहाने हे चित्र पालटले. ढगांच्या वळशांच्या आकारावरून वादळाची तीव्रता ताडण्याची व्हर्नन ड्वोरॅक यांची पद्धत सत्तरच्या दशकात पुढे आली. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी स्थिर कक्षेत गेल्यावर भारताला स्वतःच्या डोळ्यांनी बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र दिवसरात्र न्याहाळता येऊ लागला. उपग्रहीय हवामानशास्त्र हाच केळकरांचा विषय. १९९८ मध्ये ते विभागाचे महासंचालक झाले आणि २००३ मध्ये निवृत्त झाले.

ही पाच वर्षे सोपी नव्हती. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशात पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकले. वाऱ्याचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या घरात होता. समुद्र पाच-सहा मीटर उंचीने आत घुसला आणि अधिकृत आकड्यांनुसारच सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. वादळ येत असल्याचे इशारे आधी दिले गेले होते. पण इशारा ऐकून जायचे कोठे, तर पुरेसे निवारे नव्हते. आणि पाणी घरात किती उंच चढेल, हे किनाऱ्यावरच्या माणसाला समजेल अशा शब्दांत सांगणारे कोणी नव्हते. त्यानंतर वीस वर्षांनी, मे २०१९ मध्ये, फणी हे वादळ पुरीला धडकले तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोक आधीच हलविले गेले होते आणि ओडिशातील मृतांचा अधिकृत आकडा ६४ वर राहिला. मधल्या काळात संगणक सुधारले, डॉप्लर रडार आले, मार्गाचा अंदाज अचूक झाला, हे खरेच. पण निवारे बांधले गेले, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले आणि इशारा उडिया भाषेत घरापर्यंत पोहोचू लागला, हा फरक कमी महत्त्वाचा नव्हे.

पाठोपाठ २००२ चा दुष्काळ आला. १९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या सोळा घटकांच्या मॉडेलने तोपर्यंत बरे दिवस दाखविले होते. त्या वर्षी जुलै महिना देशाच्या मोठ्या भागात जवळजवळ कोरडा गेला आणि टीकेचा सारा मारा हवामान विभागावर झाला. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद पुण्यात तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी होता. २००३ मध्ये विभागाने नवी मॉडेले आणली. निवृत्तीनंतर केळकर पुणे विद्यापीठात इस्रोच्या अध्यासनावर प्राध्यापक झाले. उपग्रहीय हवामानशास्त्र, मान्सूनचा अंदाज आणि हवामान बदल या विषयांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिले आणि मराठी वृत्तपत्रांतून सामान्य वाचकांसाठीही लेखन केले. निवृत्त अधिकाऱ्याचा विरंगुळा म्हणून या लेखनाकडे पाहणे अन्यायाचे होईल. महासंचालकाच्या खुर्चीतून जे सांगता येत नाही, म्हणजे अंदाज म्हणजे काय, संभाव्यता म्हणजे काय, तो चुकतो केव्हा आणि का, ते सांगण्याची जागा तीच होती. आपल्याकडे हे काम शास्त्रज्ञ निवृत्तीपर्यंत लांबणीवर टाकतात, ही खरी अडचण आहे.

वस्तुतः या शास्त्राचा जन्मच लेखनातून झाला आहे. 'सायक्लोन' हा शब्द कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून रूढ केला; सापाच्या वेटोळ्याची कल्पना त्यामागे होती. १८६४ मध्ये कोलकात्याला उद्ध्वस्त करणारे वादळ आले आणि त्यानंतर बंदरांना इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली. १८७५ मध्ये हवामान विभाग स्थापन होण्यामागे हे वादळ आणि नंतरचे दुष्काळ ही कारणे होती. अटलांटिकमध्ये ज्याला हरिकेन म्हणतात आणि पॅसिफिकच्या पश्चिमेस टायफून, तेच आपले चक्रीवादळ. अमेरिकेत हर्बर्ट सॅफिर या अभियंत्याने आणि रॉबर्ट सिम्प्सन या हवामानशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात वादळांना एक ते पाच अशी श्रेणी दिली, ती वाऱ्याने घराचे काय होईल हे लोकांना कळावे म्हणून. आपल्याकडे मात्र 'तीव्र', 'अतितीव्र', 'अत्यंत तीव्र' अशी विशेषणांची उतरंड आहे. 'अतितीव्र' आणि 'अत्यंत तीव्र' यांत मोठे कोणते, हे दहा सुशिक्षितांना विचारून पाहावे! विभागाच्या पत्रकांत संभाव्य नुकसानीचा आणि घ्यावयाच्या खबरदारीचा तपशील असतो. पण बातमीत पहिल्या दोन ओळी तेवढ्या उरतात.

पूर्व किनाऱ्याने हे धडे मोठी किंमत मोजून गिरविले. पश्चिम किनाऱ्याला तशी सवय नाही, कारण अरबी समुद्र तुलनेने शांत समजला जाई. त्याच्याबद्दलची आपली स्मृतीही धड नाही. १८८२ मध्ये मुंबईत चक्रीवादळाने लाखभर माणसे गेल्याची कथा वर्षानुवर्षे छापली जात होती. संशोधकांनी त्या वर्षीच्या नोंदी तपासल्या तेव्हा असे वादळ आढळले नाही. उलट १९४८ च्या नोव्हेंबरात मुंबईला खरोखर तडाखा देणारे वादळ आज कोणाला आठवत नाही. आता समुद्रच बदलतो आहे. पाषाणच्या संस्थेतील मेधा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८२ ते २०१९ या काळातील नोंदींचा ताळा मांडला आहे. त्यानुसार या कालखंडाच्या उत्तरार्धात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी आणि अतितीव्र वादळांची १५० टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरात अशी वाढ दिसत नाही. समुद्राचे पृष्ठभागावरील पाणी तापल्याने वादळाला मिळणारी वाफ वाढते, हे त्यामागील प्रमुख कारण. मुळात संख्या लहान असल्याने टक्केवारी डोळ्यांत भरते, हे ध्यानात घ्यावे लागेल. तरीही कल स्पष्ट आहे.

याचा उरवड्याशी संबंध काय? श्रीवर्धनचा किनारा येथून सरळ रेषेत सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. जमिनीवर आले की वादळाची वाफेची रसद तुटते, डोंगरांशी घर्षण होते आणि ते क्षीण होऊ लागते. त्यामुळे वादळ हा कोकणचा प्रश्न, अशी घाटमाथ्यावर समजूत आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी धडकले. रायगडातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. वादळ तेथे थांबले नाही. क्षीण होत ते पुणे जिल्ह्यातून पुढे गेले आणि मुळशी, मावळपासून जुन्नरपर्यंत घरांचे पत्रे, विजेचे खांब आणि पॉलिहाऊसचे सांगाडे त्याने पाडले. 'क्षीण झाले' हा शब्द शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे. पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या माणसाला तो फसवा आहे. पिरंगुट-उरवडे परिसरात कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड आहेत, तेथे पाळीवर येणारा कामगारवर्ग आहे आणि भाड्याच्या खोल्यांतून राहणारी परप्रांतीय कुटुंबे आहेत. त्यांच्यापर्यंत मराठीतला इशाराही पोहोचत नाही, मग पंचायतीच्या ॲपवरच्या आकड्यांचे काय!

इशारा मिळूनही न ऐकण्याची किंमत पुढच्याच वर्षी दिसली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाची सूचना दिवसांआधी मिळूनही मुंबईनजीकच्या समुद्रातील पी-३०५ ही बार्ज सुरक्षित जागी गेली नाही आणि सत्तरहून अधिक माणसे दगावली. तेथे भाषेचा अडसर नव्हता. इशाऱ्याचे वजन जाणणारा निर्णय नव्हता. त्यामुळे केवळ सोपी मराठी लिहिल्याने सारे साधेल, असा दावा कोणी करू नये. बंदरावर चढणाऱ्या बावट्याला कोळ्यांच्या व्यवहारात अर्थ आहे, कारण बावटा दिसला की होडी ओढून घ्यायची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. घाटमाथ्याला असा बावटाच नाही.

तो तयार करावयाचा तर तालुक्याच्या शेतीचे वेळापत्रक हाताशी घ्यावे लागेल. अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात: मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. पहिला हंगाम मुळशीत भाताच्या धूळवाफ पेरणीच्या वेळी येतो, दुसरा कापणी-मळणीच्या दिवसांत. नोव्हेंबर २००९ मधील फयान हे वादळ अलिबाग-मुंबईदरम्यान किनाऱ्यावर आले ते नेमके याच काळात. त्याची नोंद आपण कोकणातील बेपत्ता मच्छीमारांपुरती ठेवली आणि घाटावरची ठेवली नाही. ग्रामपंचायतीच्या अंदाजात तापमान, पाऊस, वारा, ढग आणि आर्द्रता यांचे आकडे येतात. ताशी साठ किलोमीटर वारा म्हणजे खळ्यावरचे भात आज झाकावे की घरात आणावे, पत्र्यावर दगड पुरतील की तारेने बांधावे, रात्रपाळीची शेड रिकामी करावी काय, हे त्या आकड्यापुढे लिहिणारा माणूस आजतरी पंचायतीत नेमलेला नाही. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक यांपैकी हे काम कोणाचे, याचाही स्पष्ट आदेश हवा. आणि तो यंदाच्या कापणीआधी निघावयास हवा.