घरात आलेली नवी ‘पेटी’

पेटी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते ती बाजाची पेटी. पण साताऱ्याच्या एका ताईंच्या घरी आलेली पेटी निराळीच आहे. त्या लिहितात, “मिस्टर निवृत्त झाले आणि त्यांनी सव्वा लाखाचा ‘डॅक’ आणला. डब्याएवढी पेटी, तिला ना कर्णा ना तबकडी! पूर्वी दुपारी कामं आटोपली की मी माणिक वर्मांची गाणी लावून घटकाभर बसत असे. आता ‘हात लावू नकोस, बिघडेल’ असं बजावलंय. ते बाहेरून येईपर्यंत वाट पाहायची. पैसे तर गेलेच, गाणंही गेलं. काय करू?”

ताई, पैशांचं शेवटी बोलू. आधी गाणं परत मिळवू.

मोबाईल असो, कॉम्प्युटर असो की सीडी, गाणं त्यात आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. स्पीकरला आकडे कळत नाहीत, त्याला वीजेची लहर लागते. आकड्यांची लहर करून देणारं यंत्र म्हणजे डॅक. ठिपक्यांची रांगोळी आठवा. १९८२ साली जपानात सीडी प्लेअर विक्रीला आला, तेव्हापासून सीडीवर एका सेकंदाला ४४,१०० ठिपके असतात, तेही डाव्या-उजव्या बाजूचे वेगवेगळे. ते जोडून अखंड रेघ काढायची, एवढंच डॅकचं काम. तुमच्या मोबाईलमध्ये आणि टीव्हीतही एक चिमुकला डॅक असतोच. आता आलाय तो त्याचा थोरला भाऊ.

आता मांडणी. पेटी अॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका, तो तापतो. बंद कपाटात कोंडू नका. चालू असताना वर विणलेला रुमाल नको आणि फुलदाणी तर नकोच. पुसायची ती कोरड्या फडक्याने, बंद करून.

वायरी जोडताना सगळी यंत्रं बंद आणि आवाज शून्यावर हवा. गाणं आत येण्याची वाट कॉम्प्युटरवरून यूएसबीची, तर टीव्ही किंवा सीडी प्लेअरवरून ऑप्टिकल वायरची. ऑप्टिकल वायरीतून वीज नव्हे, प्रकाश जातो. तिच्या टोकांवरची इवलीशी टोपणं आधी काढा आणि तिला करकचून दुमडू नका. टीव्ही जोडूनही आवाज आला नाही तर घाबरू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार ‘पीसीएम’ करा. बऱ्याच डॅकना दुसरे प्रकार समजत नाहीत.

बाहेर जाण्याच्या वाटेवर लाल म्हणजे उजवं, पांढरं म्हणजे डावं. या वायरी अॅम्प्लिफायरच्या ‘सीडी’, ‘लाइन’ किंवा ‘ऑक्स’ लिहिलेल्या भोकांत घाला. ‘फोनो’त मात्र कधीही नाही. ती जागा रेकॉर्ड प्लेअरची. तिथे व्होल्टचे काही हजारांश भागच अपेक्षित असतात आणि डॅक साधारण दोन व्होल्ट देतो. मग गाणं न येता नुसता खरखराट येतो.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आवाजाच्या बटणाची. अॅम्प्लिफायरला स्वतःचं बटण असेल तर डॅकचा आवाज एका जागी ठरवून टाका आणि रोज अॅम्प्लिफायरचंच बटण फिरवा. पण डॅक थेट वीजेवर चालणाऱ्या स्पीकरला जोडला असेल, तर डॅकचं बटण हाच एक लगाम. तो आधी शून्यावर आणायचा, मग हळूहळू वाढवायचा. आमच्याकडे पहिल्याच दिवशी ही चूक झाली. बटण पूर्ण वर होतं, गाणं सुरू केलं आणि असा दणका बसला की शेजारच्या वहिनी धावत आल्या. स्पीकर वाचला हे नशीब!

लावताना आधी डॅक, शेवटी अॅम्प्लिफायर. बंद करताना उलट, आधी अॅम्प्लिफायर. एवढा क्रम पाळला की ‘ठप्प’ असा धक्का स्पीकरला बसत नाही.

कॉम्प्युटरवर आवाजाच्या यादीतून डॅकचं नाव निवडायला विसरू नका, नाहीतर गाणं कॉम्प्युटरच्याच पोटात वाजत राहील. निरोपांची टिंगटिंग तेवढी बंद करा. पेटीच्या पडद्यावर एक आकडा दिसतो. सीडीचं गाणं लावल्यावर तिथे ४४.१ दिसला तर ठिपके जसेच्या तसे पोचताहेत. ४८ किंवा ९६ दिसला तर कॉम्प्युटर मध्येच लुडबूड करतोय. बिघडत काही नाही, पण सेटिंगमध्ये तोच आकडा निवडलेला बरा. ‘फिल्टर’ नावाचे पाच-सहा प्रकार असतात, त्यांतला फरक ओळखणं कठीण. पहिला निवडा आणि विसरून जा.

स्पीकरमधून ‘घूं’ असा आवाज येत राहिला, तर सगळी यंत्रं एकाच बोर्डावर जोडून पाहा. जमलं नाही तर यूएसबीऐवजी ऑप्टिकल वायर वापरा. मात्र कुणी म्हणालं, “प्लगची तिसरी पिन काढून टाका, आवाज जाईल,” तर ऐकू नका. ती अर्थिंगची पिन आपल्या जिवासाठी आहे, गाण्यासाठी नव्हे. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की प्लगच काढून ठेवा.

हेडफोन वापरणार असाल तर आधी आवाज कमी, मग कानाला. या पेट्यांची ताकद मोठी असते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास इतकी मर्यादा सांगितली आहे. आवाज वाढला की हे तास झपाट्याने घटतात. कान काही दुकानात मिळत नाहीत.

आता पैशांचं. खरं सांगायचं तर काही हजारांतला चांगला डॅकही हे काम चोख करतो. सव्वा लाखातले बरेचसे पैसे भक्कम बांधणी, जास्तीच्या जोडण्या, पडदा, रिमोट, हेडफोनची ताकद यांत जातात. आणि आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? जुनं ध्वनिमुद्रण खरखरीत असेल तर पेटी ती खरखर इमानाने ऐकवील, पुसणार नाही.

फरक पडतो का, हे घरीच पाहा. मिस्टरांना डोळे मिटून बसवा. एकच गाणं कधी कॉम्प्युटरमधून सरळ, कधी पेटीतून असं दहा-बारा वेळा लावा. दोन्हींचा आवाज मात्र अगदी सारखा हवा, कारण मोठा आवाज नेहमीच गोड वाटतो. ओळखता आलं तर पेटी ठेवा. नाही आलं आणि दुकानाची परत घेण्याची मुदत असेल तर भांडण न करता निर्णय होईल. मुदत टळली असेल तर मन खट्टू करू नका, नीट वापरलेली वस्तू पुष्कळ वर्षं चालते.

याहून मोठा फरक आपल्या हातात आहे. आपल्या दिवाणखान्यांत गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती, त्यामुळे आवाज घुमतो. सतरंजी अंथरा, जाड पडदे लावा, पुस्तकांचं कपाट त्याच खोलीत आणा. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हात-दीड हात पुढे ठेवा. बसण्याची जागा आणि दोन्ही स्पीकर यांचा त्रिकोण तिन्ही बाजूंनी सारखा ठेवा. माणिकताई समोर बसून गाताहेत असं वाटेल.

राहिली ‘हात लावू नकोस’ची गोष्ट. वरच्या क्रमाने लावलं तर पेटी बिघडत नाही. ताई, येत्या रविवारी मिस्टरांना खुर्चीत बसवा आणि त्यांच्यासमोर सगळं स्वतः लावून दाखवा. चार ओळींची चिठ्ठी लिहून पेटीजवळ ठेवा: आवाज शून्य, आधी डॅक, मग अॅम्प्लिफायर, बंद करताना उलट. मिक्सर, वॉशिंग मशीन, गॅसचा सिलिंडर आपण रोज हाताळतो, त्यांपुढे ही पेटी गरीब गाय. आणि सोमवारी दुपारी कामं आटोपली की कुणाची वाट पाहू नका.