बंब गेला, गिझर आला

नोकरीच्या निमित्ताने बंगळूरच्या मारतहळ्ळी भागात बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी कुटुंबांना तेथील गार हवेत ऊन पाण्याची गरज नेहमीच भासते. गावाकडचा तांब्याचा बंब तेथे नसतो; त्याची जागा विजेच्या गिझरने घेतली आहे. बंबाचे काही बिनसले, तर घरभर होणारा धूर ते सांगत असे. गिझरचे तसे नाही. त्याची अर्थिंगची तार तुटलेली असली, तरी पाणी पूर्वीसारखेच कढत येते. म्हणून पाणी तापते, त्या अर्थी जोडणी निर्दोष आहे, असे अनुमान कधीही काढू नये.

या भागात पुष्कळ घरी कूपनलिकेचे जड पाणी येते. त्यातील क्षारांचा थर गिझरच्या कॉइलवर बसतो. कॉइल अतितप्त होऊन तिचे आवरण फुटले, म्हणजे वीज पाण्यात व टाकीच्या पत्र्यात उतरते. अर्थिंग शाबूत असेल, तर ती सुरक्षित वाटेने जमिनीत जाते. नसेल, तर नळाला हात लावणारा मनुष्यच तिची वाट बनतो.

आता जोडणीकडे वळू. २३० व्होल्टवर २,००० वॉटचा गिझर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो आणि ३,००० वॉटचा सुमारे १३. तेव्हा ६ अँपिअरचा लहान सॉकेट त्यास चालणार नाही. १६ अँपिअरचाच हवा. मुख्य बोर्डापासून तांब्याची स्वतंत्र तार आणावी. ती पहिल्यास निदान २.५ व दुसऱ्यास ४ चौरस मिलिमीटरची असावी. प्लगची सर्वांत लांब व जाड पिन अर्थिंगची असते. ती कापून दोन पिनांवर काम भागवू नये. अर्थिंगची तार न्यूट्रलला किंवा नळाला बांधणे, तसेच तारांना पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळणे, ही जोडणी नव्हेच. बटण स्नानगृहाच्या बाहेर असावे.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. एका अँपिअरचा दहावा भागही प्राण घेण्यास पुरतो. तेवढ्याने १६ अँपिअरची एमसीबी पडत नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र एवढी गळती होताच क्षणार्धात प्रवाह तोडते. तिचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ती असली, तरी अर्थिंग हवेच.

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि अर्थिंग उपकरणाने मोजून दाखविण्यास त्यास सांगावे. घर भाड्याचे आहे, उद्या सोडावयाचे आहे, म्हणून घरमालकाशी बोलण्याचा संकोच बाळगू नये. घर परक्याचे असले, तरी त्यात स्नान करणारी मुले आपली असतात. सामान लावण्याआधी, निदान पहिल्या स्नानापूर्वी, एवढी तपासणी अवश्य करून घ्यावी.