नुसती सुपारी? तीही निरुपद्रवी नाही

श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या वाड्यांत पोफळ घर चालवते. 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ वादळात त्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा अनेक कुटुंबांची वर्षांची मिळकत गेली. पण याच सुपारीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. म्हणजे ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ हे समाधान फसवे आहे.

याचे कारण तोंडाच्या अस्तरात आहे. गालाच्या आतले अस्तर साधारण दोन आठवड्यांत नवे होते. वरच्या पेशी झडतात आणि त्यांच्यातला बिघाडही त्यांच्याबरोबर जातो. तळाच्या थरातल्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, मात्र वर्षानुवर्षे टिकतात आणि नव्या पेशी पुरवत राहतात. सुपारी-तंबाखूतील रसायनांनी त्यांच्या डीएनएत बदल केला, तर तो पुढच्या प्रत्येक पेशीत उतरतो. एका बदलाने कर्करोग होत नाही. असे अनेक बदल साठावे लागतात. म्हणूनच सवय विशीत लागते आणि गाठ पुष्कळदा चाळिशी-पन्नाशीत दिसते.

रायगड जिल्ह्यातच, खारघरला असलेल्या टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’चा सहभाग असलेल्या 2013 च्या अभ्यासात गाल व हिरड्यांच्या कर्करोगात टीपी53 जनुकातील बिघाड वारंवार आढळला. बिघडलेल्या पेशीचे विभाजन थांबवणे हे या जनुकाचे काम. पहारेकरीच निकामी झाला, की बिघडलेल्या पेशींची वाढ रोखणार कोण?

प्रत्येक कर्करोग मूलपेशीतूनच सुरू होतो का, यावर वैज्ञानिकांचे एकमत नाही. परिपक्व पेशीही मूलपेशीसारखी वागू लागू शकते. एक गोष्ट मात्र नक्की: बदललेल्या पेशींची पैदास गाठीच्या आजूबाजूलाही पसरलेली असू शकते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर त्याच तोंडात दुसरी गाठ उद्भवू शकते, आणि सवय न सोडणाऱ्याला तो धोका अधिक.

राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे, पण सुपारी आणि मशेरी घराघरांत आहेत. पीक एका रात्रीत बदलता येणार नाही. तोंडात तपासणीची बॅटरी मात्र आजच टाकता येते. तिशीपुढील प्रत्येकासाठी सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत आहे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट न सोसणे, तोंडात तीन बोटे न मावणे, यांपैकी काहीही असेल तर थांबू नये. केरळात केवळ डोळ्यांनी तोंड तपासून तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमधील मृत्यू घटल्याचे 2005 मध्ये सिद्ध झाले आहे. त्याला महागडे यंत्र लागले नाही.