हौसेचा सांधा

हौसेला मोल नसते म्हणतात. पेन्शनीत निघाल्यावर कोणी गुलाब लावतो, कोणी तबल्याची जोडी आणतो. मी असोद्यात आर्गन वेल्डिंग शिकायला बसलो! घरच्या मंडळींनी कपाळाला हात लावला.

असोदा हे जळगावशेजारचे गाव. बहिणाबाई चौधरींचे माहेर. लोखंड जोडणे अशा गावांना नवे नाही. बैलगाडीच्या चाकाची धाव लोहार भट्टीत तापवून घणाने सांधीत. मग वीज आली नि रॉडचे वेल्डिंग आले. रॉडवरचे लेपण जळते, त्याचा धूर वितळत्या लोखंडाला हवेपासून सांभाळतो. आर्गनची तऱ्हा निराळी. इथे टंगस्टनची सुई ठिणगी धरते, पण स्वतः वितळत नाही. तिला वितळायला सुमारे ३,४०० अंश लागतात. हवेला दूर ठेवण्याचे काम नळकांड्यातला आर्गन वायू करतो. अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप विमान कारखान्यात रसेल मेरेडिथ यांनी १९४१ च्या सुमारास ही रीत मॅग्नेशियमसाठी बसवली. तेव्हा आर्गनऐवजी हेलियम वापरीत.

एका हाताने सुई धातूपासून दोन-तीन मिलिमीटरवर धरायची, दुसऱ्या हाताने तार थेंबाथेंबाने चारायची. चालत्या बैलगाडीत सुई ओवण्यासारखेच हे! मोबाइलवर हवे तितके गुरू भेटतात. पण पडद्यावरचा गुरू मनगट धरून "हात वर घ्या" म्हणत नाही.

त्यात आमचा खानदेशी वैशाख! आर्गनचे पांघरूण पंख्याच्या झुळुकीनेही उडते नि सांधा काळा, सच्छिद्र होतो. म्हणून पंखा बंद. दारे मात्र लावून घ्यायची नाहीत. हा वायू हवेहून जड, कोंडल्या खोलीत प्राणवायूची जागा घेतो. वरून काळ्या काचेचा मुखवटा नि जाड सुती सदरा. मुखवट्यावाचून पाहिले, तर डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, आणि तीही काही तासांनी, निजायच्या वेळी.

महिना-दीड महिन्यात पातळ स्टीलच्या पत्र्यावर माझी रेघ सोनेरी उमटू लागली. फार तापलेले स्टील करडे पडते. सोनेरी रंग म्हणजे शाबासकी. ही वार्ता गल्लीत पोचली आणि आखाजीच्या तोंडावर शेजारचे आप्पा झोक्याची तुटलेली कडी घेऊन आले.

"भाऊ, परवा पोरी माहेरी येतील. एवढी जोडून द्या."

खानदेशात आखाजीला सासुरवाशिणींचा झोका म्हणजे वर्षाचा विसावा. नाही कसे म्हणावे? मी त्याच जाडीच्या सळईचे दोन तुकडे आधी जोडले, व्हाइसमध्ये आवळले नि हातोडा घातला. वरून मोत्यांच्या सरीसारखा दिसणारा सांधा मुळाशी उकलला. जाड लोखंड उष्णता ओढून घेते. माझ्या लहान यंत्राने वरचा थर वितळला, आतला कोराच राहिला.

आप्पांना तो तुकडा दाखवला. ते जरा हिरमुसले. पण आम्ही दोघे मिळून मागच्या आळीतल्या रॉडवाल्या कारागिराकडे गेलो. त्याने कडीची दोन्ही तोंडे घासून तिरपी केली, मुळापासून एकावर एक थर भरले, प्रत्येक थरावरचा मळ ठोकून काढला. मूळ आधी, रूप मागून, हा धडा मला आर्गन कधीही न वापरलेल्या माणसाने दिला! झोक्यावर पोरी बसण्याआधी आप्पा स्वतः बसले. मग लिंबाखाली तीन दिवस झोका नि गाणी चालली.

वाचकहो, हौस जरूर करावी. उतारवयात तर अवश्य करावी. चहाची गाळणी, कुंडीची तिवई खुशाल जोडावी. पण जिथे कुणाचा जीव टांगला जाणार, तिथे आधी आपलाच सांधा मोडून पाहावा. डिझेलचे रिकामे पिंप कोणी आणले, तर हातही लावू नये. पिंप रिकामे दिसते, आतली वाफ रिकामी नसते. अशा वेळी "मला हे जमणार नाही" म्हणण्याने हौशी माणसाची पत जात नाही. उलट शेजाऱ्याचा विश्वास पक्का जोडला जातो.