जुनेपणाचें सोंग

इंग्लंडांतील सरदारी वाड्यांच्या धर्तीवरचीं, भिंतीलगत ठेवावयाचीं लहान मेजें हल्लीं नवींच घडवून, मुद्दाम जुनीं दिसतील अशा बेतानें विकलीं जातात. या व्यापाराचे कैवारी म्हणतात कीं, ज्यास अस्सल परवडत नाहीं त्यानें नक्कल घेतली तर बिघडलें काय? आमचें उत्तर असें कीं, नकलेनें कांहींच बिघडत नाहीं. बिघडतें तें सोंगानें.

नक्कल हा या कलेचा जुनाच धर्म आहे. थॉमस चिपेन्डेल यानें १७५४ सालीं आपल्या नमुन्यांचें पुस्तक छापलें आणि तें पाहून इतर सुतारांनीं तसलें सामान बनविलें. पण त्यांनीं आपलें ताजें काम ताजें म्हणूनच विकलें. आज मात्र नव्या लाकडास साखळीनें झोडपतात, गिरमिटानें किड्यांचीं छिद्रें पाडतात, कडा घासून झिजवितात व सांदींत रंगाचा मळ भरतात. हर्बर्ट सेसिन्स्की यानें १९३१ सालीं या लबाडीवर अख्खा ग्रंथच लिहिला. लाकूड मात्र खोटें बोलत नाहीं. तें तंतूंच्या आडव्या दिशेनें आटतें; म्हणून खऱ्या जुन्या वाटोळ्या मेजाचा व्यास एका अंगानें किंचित् कमी भरतो. किड्याची वाट आंत वांकडीतिकडी जाते, गिरमिटाची सरळ!

'गिऱ्हाइकास सर्व ठाऊक असतें, मग फसवणूक कोणाची?' असा दुसरा आक्षेप. आज गिऱ्हाइकास ठाऊक आहे. पण उद्यां त्याच्या नातवास असेल काय? आजची कबूल नक्कल दोन पिढ्यांनीं अस्सल म्हणून लिलांवांत उभी राहूं शकते.

शिवाय ज्या वैभवाचें हें सोंग, तें आलें कोठून? यॉर्कशायरमधील हेअरवुडचा वाडा चिपेन्डेलनेंच सजविला. त्याच्या मालकांची संपत्ति वेस्ट इंडीजमधील ऊंसाच्या मळ्यांतून, गुलामांच्या घामांतून आली होती. त्या काळचें पुष्कळसें महॉगनीचें लाकूडही जमैकासारख्या बेटांवर गुलामांनींच तोडलें. मेजांवरची झिलई चाकरांनीं वर्षानुवर्षें पुसून आणली. ही सारी हकीकत वगळून नुसती तिची झीज विकत घेणें म्हणजे इतिहास न वाचतां त्याचे पुठ्ठे तेवढे कपाटांत मांडणें होय.

आमची मागणी थोडी आहे. नवें मेज नवेंच राहूं द्या आणि त्याच्या तळाशीं घडविणाऱ्याचें नांव व साल कोरा. घरच्या माणसांच्या हातांखालीं तें यथाकाल जुनें होईलच.