न परतलेली ठेव

जमलेला संबंध काही कारणाने मोडला, तर आपल्या समाजात देण्याघेण्याचा हिशेब चार दिवसांत पुरा होतो. अंगठी, साड्या, चांदीची ताटे मोजून परत जातात. मात्र साखरपुड्यानंतर त्या दोघांनी रात्री-अपरात्री एकमेकांना पाठविलेले संदेश आणि छायाचित्रे परत मागावीत, असे कोणाला सुचतही नाही.

सत्याणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने ‘न्यासापहार’, म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव बुडविणे, सांगितला आहे. उपासकदशांगात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाच्या कथेत याच व्रताचा आणखी एक अतिचार येतो, ‘स्वदारमंत्रभेद’. पत्नीने एकांतात सांगितलेले गुज बाहेर फोडणे. आनंद हा कोट्यवधी सुवर्णमुद्रांचा धनी, मोठा व्यापारी. तरी त्यालाही हे सांगणे आवश्यक वाटले. गुज खरे असते, त्यात असत्य काहीच नसते, तरी ते फोडणे सत्यव्रताचाच दोष ठरले आहे. पतीचे गुज मैत्रिणींत सांगणाऱ्या पत्नीलाही तो तितकाच लागतो, असे मी मानतो.

व्हॉट्सॲपवरील संदेश वाटेत कोणी वाचू शकत नाही, हे खरे. पण ते संरक्षण वाटेपुरतेच. पोहोचलेले छायाचित्र बहुधा फोनच्या गॅलरीत आपोआप साठते. पेढीवरच्या संगणकाला तेच खाते जोडलेले असेल, तर मुनीमजींसमोरही उघडते. जुना फोन धाकट्या भावाला दिला, की त्याच्यासोबत जाते. एकदाच दिसणारे छायाचित्रसुद्धा दुसऱ्या फोनने टिपता येते. दुष्टपणाइतकाच येथे निष्काळजीपणाही घात करतो.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेच्या ७७व्या कलमानुसार, स्त्रीने खासगी क्षणाचे छायाचित्र काढू दिले, पण ते तिसऱ्याला दाखविण्यास संमती दिली नसेल, तर ते पसरविणे गुन्हा आहे. आपल्या घरांत मात्र पहिला प्रश्न मुलीलाच विचारला जातो, “तू पाठविलेसच कशाला?” पेढीने ठेव बुडविली, तर आपण जाब ठेवीदाराला विचारत नाही.

म्हणून संबंध मोडताना मध्यस्थांनी अंगठीबरोबर आणखी एक काम करवून घ्यावे. दोघांनी आपापल्या फोनमधील, बॅकअपमधील आणि दुकानाच्या संगणकावरील ते सारे स्वतः पुसावे आणि तसा शब्द परस्परांना द्यावा. वडीलधाऱ्यांनी त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसावे.